बकरीच्या वाट्याची चटणी

ताट पुन्हा परत आलं. माझ्या दोडक्याची भाजी जशीच्या तशी.

मी लखनौच्या एका हॉस्पिटलात हेडमाळी होतो. गाव साताऱ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. भाऊ फौजेत, त्याच्या मागोमाग इकडं आलो नि इथलाच झालो. हॉस्पिटलमागची पडीक जागा मी खणून काढली, भाज्या लावल्या. पेशंटच्या जेवणाला तिथं डाएट म्हणतात. सकाळी तोडलेली भाजी दुपारच्या डाएटला जायची. बाजारची शिळी भाजी बंद झाली ती माझ्यामुळं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ताट परत करणारे होते रहमत मियाँ, लखनौजवळच्या मलिहाबादचे आंब्याचे बागवान. ऐन दशहरी आंब्याच्या तोडणीत झाडावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. पाय ट्रॅक्शनला, म्हणजे दोरीला वजन बांधून ताणून ठेवलेला. बाग पिकलेली आणि धनी खाटेवर. माणसानं खाणंच सोडलं. चहावर दिवस काढायचे.

"कल भी नहीं खाया तो डॉक्टर साहब नाक से नली डालेंगे," मेट्रन मॅडम किचनमध्ये येऊन म्हणाल्या. "हड्डी ऐसे नहीं जुड़ती."

मी हातपाय धुऊन वॉर्डात गेलो.

"जाधव, तुम यहाँ क्या कर रहे हो?" मॅडम.

"मेरी सब्जी में क्या खराबी है, पूछने आया हूँ."

"खराबी सब्जी में नहीं है. इनका दिल बाग में अटका है."

मियाँनी माझ्याकडं पाहिलं. "अच्छा, माली आप हैं? अमाँ, यह तोरई है या उबला हुआ तौलिया?"

तोरई म्हणजे आपला दोडका. आख्खा वॉर्ड हसला. शिजवतं किचन आणि टॉवेल ऐकायचा मी! तणतणत घरी आलो.

बायको म्हणाली, "फोडी खात नसतील तर साली द्या."

आमच्याकडं दोडक्याच्या सालीची चटणी करतात. साली तव्यावर खरपूस भाजायच्या, तीळ, लसूण, सुकं खोबरं घालायचं. लखनौत मात्र त्या साली चौकीदाराच्या बकरीला जात. सकाळी मी मागितल्या तर किचनचा खानसामा म्हणाला, "क्यों जाधव जी, आपने भी बकरी पाल ली?"

बायकोनं केलेल्या चटणीचा डबा मेट्रन मॅडमनी हुंगला, तिखट कमी असल्याची खात्री केली आणि मला आत सोडलं.

"यह क्या है?" मियाँ.

"तोरई के छिलके की चटनी."

त्यांची खाट खिडकीशी होती. खिडकीखाली बकरी बांधलेली. "वही छिलके? जो वह मोहतरमा रोज खाती हैं? अमाँ, बीमार को बकरी का हिस्सा खिलाओगे?"

"हमारे यहाँ आदमी खाते हैं."

"तभी आप लोग इतनी दूर भाग आते हैं!"

पुन्हा हशा. मी काय गप्प बसणारा नव्हे. "मियाँ, आम का सौदा भी बिना चखे करते हो?"

हे मात्र लागलं. आधी एक फळ कापायचं, चाखायचं, मग भाव बोलायचा. चाखल्याशिवाय मालाला बरंवाईट म्हणायचं नाही, हा बागवानांचा रिवाज.

"लाओ. रोटी भी दो. खाकर बुराई करूँगा."

अर्धी रोटी खाल्ली. "लहसुन ज्यादा है." उरलेली खाल्ली. "तिल जला दिया." मग दुसरी रोटी मागितली. म्हणे, मिठाचा अंदाज नीट येईना. मेट्रन मॅडम दारात उभ्या होत्या. तिथूनच परतल्या. नळी टळली.

दुसऱ्या दिवशी मियाँ डब्याची वाटच बघत होते. "कल से बेहतर है. मगर है बुरी."

मग खानसामाही चटणी शिकला. शेजारच्या खाटांवरूनही मागणी आली. मियाँ चटणीला तोंडी लावायला म्हणून दोडक्याची भाजीही खाऊ लागले. हाल झाले ते बकरीचे. तिला भोपळ्याच्या सालींवर भागवावं लागलं.

हाड जुळलं, मियाँ वॉकर धरून घरी गेले. मी धडा घेतला तो एवढाच, की हट्टी माणसाला जेव म्हणू नये. त्याच्यापुढं नावं ठेवण्याजोगं काहीतरी ठेवावं. पुढचं तो बघतो.

पुढच्या हंगामात मियाँ काठी टेकत आले ते थेट माझ्या वाफ्यापाशी. सोबत दशहरीची टोपली. मेट्रन मॅडम, खानसामा, चौकीदार सगळे जमले. मी आंबा सोलायला घेतला तर मियाँनी हात धरला.

"न न. आप लोग तो छिलका भी खाते हैं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सालीसकट चावा घेतला. चीक ओठाला झोंबला, साल दातांत अडकली. शेवटपर्यंत खाल्ला आणि कोय तेवढी टाकली.

"कहिए, कैसा है?"

"अच्छा है," मी म्हणालो. "नमक कम है."