देठाकडचा टवका

आमच्याकडे काकडी आणि दुधी चाखल्याशिवाय कुणाच्या ताटात जात नाही. देठाकडून नखभर टवका काढायचा, जिभेवर ठेवायचा, गोड लागला तरच बाकीचं चिरायचं. कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि चाखायचं ते घरातल्या बाईनंच. काय कडू असेल ते आधी तिच्या तोंडात, अशी आपली रीत.

या रीतीवर माझ्या जाऊबाईंना नोकरी लागली होती. कर्जतहून नेरळकडे येताना डोंगराच्या पायथ्याशी एक हॉटेल झालंय, त्याच्या मागे भाजीची बाग. पाहुण्यांना जेवायला बसण्याआधी ती बाग दाखवतात. ऐन उन्हाळ्यात मांडवावर लटकलेले दुधी, खाली काकडी, भेंडी, माठ, पुदिना. पाहुणे फोटो काढतात आणि "फ्रेश आहे हां" म्हणतात. बागेत आम्ही दोघी. मी खुरपणी, पाणी, तोडणी बघायची. जाऊबाईंची पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले, त्यांना खाली बसवत नव्हतं. पण त्यांची जीभ अशी, की वेल कडू धरायला लागला की दोन दिवस आधीच सांगायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक टोपली परत फिरवली, तेव्हापासून शेफ त्यांना मावशी म्हणायला लागला. सकाळी योगासनं करून आलेल्या पाहुण्यांना तो दुधीचा रस द्यायचा, त्यामुळे मावशींनी चाखल्याशिवाय दुधी किचनच्या पायरीवर चढत नव्हता.

मोठे दीर रसायनीच्या कारखान्यात कामाला होते, ते छातीचं दुखणं घेऊन घरी बसले त्याला चार वर्षं झाली. लेक पनवेलला नर्सिंग शिकत होती. घर चालायचं ते जाऊबाईंच्या जिभेवर. ती नसती तर त्या गुडघ्यांना त्या हॉटेलात कुणी दारातही उभं केलं नसतं.

आणि ती जीभ गेली.

पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण त्या घासागणिक मीठ मागायला लागल्या. मला वाटलं, तोंड आलं असेल. हिवाळ्यात तसंही काही कडू निघत नाही, त्यामुळे निभावलं. मग पाडवा आला. गुढीपुढे कडुनिंब वाटला, सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, पोरं थू थू करत अंगणात पळाली. जाऊबाई मात्र बडीशेप चघळावी तसा तो पाला चघळत बसल्या होत्या. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. उशीर झाला होता. मागच्या पडवीत गाठून मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"कुणाला सांगू नको गं. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

सांगून करणार काय होते मी? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेव्हापासून आमचं नाटक सुरू झालं. तोडताना मीच टवका काढून चाखायची आणि टवका पुन्हा झाकणासारखा बसवायची. गोड असेल तो टोपलीत देठ वर करून ठेवायची, कडू असेल तो देठ खाली. मग जाऊबाई शेफसमोर एकेक उचलायच्या, टवका तोंडात घालायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "गोड हाय." देठ खाली असलेला आला की थुंकायच्या, वर दोन शिव्या उन्हाला. इतकं झकास करायच्या की मलाच हसू यायचं. परत येताना टमटममध्ये आम्ही दोघी त्यावरून पोट धरून हसायचो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्या दोन महिन्यांत माझ्या जावेइतकी जवळची बाई मला नव्हती.

मे महिन्यात पाण्याची बोंब झाली. टँकर यायचा तो आधी पोहायच्या तलावाला, मग खोल्यांना, उरलं तर बागेला. दुधीला दिवसाआड पाणी, तेही भर उन्हात. ताण बसला की वेल कडू धरतोच. मी सुपरवायझरला दोनदा सांगितलं, त्यानं मान हलवली. पाच दुधी तोडले की एक कडू निघायला लागला, मग दोन. माझं तोंड दिवसभर कडू असायचं, घरी चहासुद्धा गोड लागायचा नाही. कौतुक मात्र जाऊबाईंचं. पाहुण्यांना बाग दाखवायला आणलं की सुपरवायझर त्यांना पुढे करायचा, या आमच्या मावशी, यांच्या जिभेवर आमचं किचन चालतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं आता म्हणता येईल. वाटत होतं.

एक दिवस पाहुण्यांपैकी एका बाईनं माझ्याकडे बोट करून विचारलं, या काय करतात? जाऊबाई हसत म्हणाल्या, "हिची जीभ नुस्ती बडबडीला. चाखायचं काम माजं."

सगळे हसले. गंमतच होती ती, आणि लपवालपवी टिकवायला त्यांना तसं बोलणं भागही होतं. मला हे तेव्हाही कळत होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. टमटममध्ये मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. त्यांनी दोनदा कोपरानं ढोसलं, बर्फीचा तुकडा पुढे केला, मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, बरं तर, चाखा उद्या तुमच्या जिभेनं.

सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली. येतेस ना गं? मी आतूनच सांगितलं, डोकं दुखतंय. त्या उंबऱ्याशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला त्यांची सावली दिसत होती. मग गेल्या. आठच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी बघितला आणि उचलला नाही. पुन्हा वाजला. मी फोन उशीखाली सारला. एक दिवस कळू दे हिला, एवढंच माझ्या मनात होतं. आई शपथ, याहून जास्त काही नव्हतं.

पुढचं मला शेफनं नंतर सांगितलं. जाऊबाईंनी एकटीनं सहा दुधी आणले, सगळ्यांचे टवके तोंडात घातले आणि सगळे गोड सांगितले. रस काढला. शेफ पहिला चमचा स्वतः घ्यायचा, त्याची तशी सवय. तो चमचा त्यानं बेसिनमध्ये थुंकला. मावशींना बोलावून तो म्हणाला, हे विष आहे, तुम्ही खरंच चाखलंत का? त्या म्हणाल्या, चाखला, गोड हाय. तो म्हणाला, हा रस मी ओतून देतो, पण उद्यापासून चाखायचं काम दुसऱ्याला देऊ, तुमचं मी वर बोलतो. वर बोलणं म्हणजे काम सुटणं, हे जाऊबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी समोरचा भरलेला ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. शेफ हात धरायला गेला तोवर अर्धा संपला होता. उरलेला त्यांनी त्याचा हात झटकून प्यायला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, गोड हाय. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही, असं शेफ सांगत होता. त्याला क्षणभर स्वतःच्याच जिभेचा संशय आला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. सुपरवायझरचा फोन आला, मावशींना गाडीतून पाठवतोय, फाट्यावर उभ्या राहा. मी अनवाणीच धावले. मागच्या सीटवर त्या पडल्या होत्या, पदर उलटीतल्या रक्तानं लाल झालेला, हात बर्फासारखे गार. शेफ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डोळे उघडून मला ओळखलं. मला वाटलं, आता म्हणतील, का आली नाहीस. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"कडू व्हतं का गं?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सगळं पोट जळत होतं आणि त्या मला विचारत होत्या.

"नाय, ताई," मी म्हटलं. "ऊन बाधलंय तुमाला. दुधी गोडच व्हता."

"मंग शेफला सांग," त्या म्हणाल्या. "न्हायतर कामावरनं काढंल."

पुढच्या सीटवर शेफनं तोंड खिडकीकडे केलं.

कर्जतच्या दवाखान्यातून पनवेलला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, इतका कडू रस माणूस ग्लासभर पिईल कसा? तेव्हा मला सगळ्यांसमोर, दिरांसमोर, लेकीसमोर सांगावं लागलं, की त्यांना चव कळत नव्हती. दीर म्हणाले, तुला ठाऊक होतं? मी हो म्हटलं. फोनचं नाही सांगितलं. तेही त्यांना कळलं असेलच, जाऊबाईंचा फोन लेकीकडेच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या. हॉटेलनं खर्च केला, माणसंही आली होती. दीर माझ्याशी आजही बोलतात, पण चहा माझ्या हातचा घेत नाहीत.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. न जाऊन करणार काय? वेल तसाच होता, दुधी मोठाले झाले होते. सहा-सात तोडले आणि टोपली किचनच्या पायरीवर ठेवली. सवयीनं, न चाखताच, सगळे देठ वर करून ठेवले होते. शेफ बाहेर आला. त्यानं टोपलीतला एक दुधी उचलला.

"आता चाखणार कोण?" त्यानं विचारलं.

मी खाली बसले आणि त्याच्याकडे चाकू मागितला.