पुढची तारीख

समजा, काळा कोट चढवून तुम्हाला दिवसभर एका कोंदट खोलीत बसायचंय. पुकारा झाला की उठायचं, मान जराशी झुकवायची आणि म्हणायचं, "पुढची तारीख मिळावी, साहेब." मग खाली बसायचं. पहिला आठवडा जीभ अडखळते. वर्षभराने ती तुम्हाला न विचारताच बोलायला लागते.

तारीखबाईंची उमेदीची सगळी वर्षं यात गेली. हे नाव कोर्टातल्या शिपायाने ठेवलं आणि चिकटलं. मोठ्या वकिलांना एका वेळी दोन ठिकाणी उभं राहता येत नाही, म्हणून दुसऱ्या ठिकाणी या उभ्या राहायच्या. अशिलाकडून मोठ्या वकिलाला पैसे तारखेगणिक, त्यातला यांचा वाटाही तारखेगणिक. खटला मिटला की दोघांचीही मिळकत बंद. यात कुणी लबाडी करत होतं असं नाही. रेंगाळण्याला मोबदला होता, उरकण्याला नव्हता, इतकंच. त्या स्वतःच हसत म्हणायच्या, "मी कसली वकील? मी कॅलेंडर आहे."

मग धाकट्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानाला मालकाने कुलूप ठोकलं. भाडं थकलं नव्हतं, त्याला जागा दुसऱ्याला द्यायची होती. मशिनं आत, बेतलेले कपडे आत. कुलूप काढून द्यावं, एवढाच अर्ज. बहिणीने बाहेरचा वकील बघू म्हटलं, तेव्हा तारीखबाईंनीच, मी लढते म्हणून, तिला अडवलं होतं. मालकाच्या वकिलाला कसलीच घाई नव्हती. एकदा तो आजारी पडला, एकदा त्याचे कागद आले नाहीत. इकडे गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जात होती. जागेवरचा हक्क सोड आणि मशिनं घेऊन जा, असा मालकाचा निरोप आला. कोर्टाच्या सुट्टीआधी निकाल लागला नाही तर आपण सही करणार, असं बहिणीने सांगून टाकलं. तिच्यात आता दम उरला नव्हता.

सुट्टीआधीची ती शेवटची तारीख. तारीखबाईंनी युक्तिवाद घोटून ठेवला होता. पोळ्या लाटताना, आंघोळ करताना तोच. पुकारा झाला. त्या उठल्या, मान झुकवली.

"पुढची तारीख मिळावी, साहेब."

"आमची हरकत नाही," मालकाचा वकील म्हणाला आणि पिशवी उचलून दुसऱ्या कोर्टाकडे चालता झाला.

तारीखबाईंना आपण काय बोललो हे कळेपर्यंत न्यायाधीशांनी सुट्टीनंतरची तारीख लिहिलीही होती. चूक झाली, मला आत्ताच बोलायचंय, असं त्या काकुळतीने सांगू लागल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"बाई, मी फाइल वाचून आलो होतो. आता समोरची बाजू इथे नाही. त्यांच्या माघारी कसं ऐकू?"

तारीखबाई त्या वकिलाच्या मागे धावल्या. तो जिन्यात भेटला, पण परत यायला तयार होईना. तुम्हीच तर मागितलीत, म्हणाला.

बहीण बाकावरून उठली नव्हती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "ताई, सही करायला मालकाकडे तू येशील ना बरोबर?"

त्या गेल्या. मशिनं टेम्पोत चढवायलाही हात लावला. कोर्टात त्या अजून जातात; दुसरं काही येत नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये कुणी शेजारी बसलं की त्याला विचारतात: तारखेऐवजी खटला संपवण्याचे पैसे मिळत असते, तर त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं असतं?