विमानांखालचं पांढरं धुणं

आमच्या फिरत्या नाटक कंपनीत राण्या बदलल्या, राजे पळून गेले, मालक दोनदा बुडाला. कपडेपटातली ओब्दुलिया मात्र शेवटपर्यंत एकच राहिली. क्युबाच्या उसाच्या मुलखात आम्ही गावोगाव पडदा लावायचो आणि ती मागे पाटावर कपडे घासत बसायची. कोणत्या नायकाच्या कॉलरला कुणाची लाली लागली, कोणती नायिका खोटं रडताना खरंच रडली, सगळं तिच्या हाताखालून जायचं. आम्ही चहाटळ मंडळी खोदून खोदून विचारायचो. ती म्हणायची, "डाग पाण्यात गेला, पाणी गटारात गेलं. तुला काय गटारात उतरायचंय?"

कंपनी मोडली तेव्हा ती साग्वा नदीकाठच्या माझ्याच गल्लीत, माझ्या समोरच्या सपाट गच्चीच्या घरात राहायला आली आणि लोकांची धुणी घेऊ लागली. आडदांड बांधा, तोंडात विझलेला चिरूट, चालताना जहाज डुलावं तशी डुलायची. प्रेमं तिची पुष्कळ झाली, लग्न एकही नाही. "नवऱ्याचे कपडे फुकट धुवावे लागतात," ही तिची तक्रार.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात गावात गोरे, गुलाबी गालांचे जवान दिसू लागले. शेती शिकवायला आलेत म्हणे. सगळ्यांच्या अंगात एकाच ताग्यातले चौकडीचे शर्ट! समूहगीताला उभं केलेलं टोळकं मी लांबून ओळखतो. मग एका पहाटे ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी भलंमोठं गावातून गेलं. वळणावर ते अडलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या घराचा सज्जाच पाडला. घरमालकानं तक्रार केली नाही. आम्हीही काही पाहिलं नाही. त्या वर्षी न पाहण्याची कला सगळ्या गावानं शिकून घेतली होती.

ऑक्टोबरात रेडिओनं पडदा वर केला. ताडपत्रीखाली रशियाची अणुबॉम्ब वाहणारी क्षेपणास्त्रं होती, अमेरिकेनं समुद्रातून वाट अडवली होती, आणि दोन बलाढ्य देश आमच्या उसाच्या फडावरून एकमेकांवर डोळे वटारून उभे होते. अमेरिकेची विमानं टेहळणीला येऊ लागली. इतक्या खालून जायची की ताडाच्या झावळ्या वाकायच्या आणि कोंबड्या खुराड्यात मरून पडायच्या.

विमानांना खुणा करणारं कुणीतरी गावात आहे, अशी कुजबुज सुरू झाली. पावाच्या रांगेत गल्लीतली ओर्तेन्सिया माझ्या पुढे उभी होती. तिला दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते स्वतःच्या चुलीआधी कळायचं.

"तुम्ही बघितलंत का हो? ओब्दुलियाच्या गच्चीवर?"

"काय बघायचंय? धुणं असतं," मी म्हणालो.

"धुणं खरं. पण सगळं पांढरं! रंगीत कपडे खाली अंगणात आणि पांढरे तेवढे वर. विमान आलं की ही धावत जिना चढते अन् भराभर काढून घेते. का बरं?"

"पांढऱ्यावर काजळी बसेल म्हणून."

"बायका धुणं वाळवतात हो, लपवत नाहीत," ओर्तेन्सिया म्हणाली. "आणि रेशनवर साबणाची वडी नखाएवढी मिळते. हिचं धुणं दुधासारखं कसं निघतं?"

 उत्तर नसलं की लोक स्वतः तयार करतात. संध्याकाळपर्यंत गल्लीला खात्री झाली होती. दोन झगे शेजारी म्हणजे रणगाडे, चादर आडवी म्हणजे क्षेपणास्त्र.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. आदल्या वर्षी अमेरिकेच्या पाठबळानं किनाऱ्यावर स्वारी झाली तेव्हा सरकारनं संशयितांना उचलून गावच्या नाटकगृहात कोंडलं होतं. इतकी गर्दी त्या नाटकगृहानं आमच्या खेळांना कधी पाहिली नव्हती. त्यातल्या काहींना परतायला फार दिवस लागले, आणि एक जण परतलाच नाही. आता तर युद्धच दाराशी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एवेलियो आला. हा आमच्या गल्लीवर सरकारसाठी नजर ठेवणाऱ्या पहारा समितीचा प्रमुख, धंद्यानं चांभार. माणूस वाईट नव्हे, पण समितीचं काम मिळाल्यापासून हसताना आधी इकडेतिकडे बघायचा. बरोबर बंदूकधारी दोघे आणि मागे सगळी गल्ली. त्याची बायको सेनाइदाही होती, स्वयंसेवक दलाच्या निळ्या शर्टात, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, डोक्यावर टोपी. मीही वर गेलो. ओब्दुलिया दोरीवर चिमटे लावत होती.

"कॉम्रेड ओब्दुलिया, हे कपडे कुणाचे?"

"कालपर्यंत मावशी होते, आज कॉम्रेड झाले का रे? तुझ्या लग्नाच्या शर्टाला खळ मीच घातली होती."

"विषय बदलू नका. कुणाचे?"

"गिऱ्हाइकाचे."

"नाव सांगा."

"धुणं घेते, नाव विकत नाही."

"पांढरेच का? वरच का? बाकीच्यांपासून वेगळे का?"

"गिऱ्हाइकानं तसं सांगितलंय म्हणून. पोरा, खाली जा. ऊन लागेल."

एवेलियोनं दोरीवरचा एक झंपर ओढला, उजेडात धरला, आतून-बाहेरून तपासला. शिवणीत काही सापडलं नाही. "नाव सांगा, मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "नाहीतर मला तुम्हाला न्यावं लागेल. माझ्या हातात राहणार नाही मग."

"ने," ओब्दुलिया म्हणाली आणि चिरूट दुसऱ्या गालात सरकवला. मग पुढचा चिमटा दोरीला लावला.  

तेवढ्यात विमान आलं. आवाज आधी येत नाही, आधी सावली येते. आम्ही सगळे पालथे पडलो, बंदूकवालेसुद्धा. गच्चीवरून वादळ गेल्यासारखं झालं, चिमटे तुटले आणि झंपर, परकर, ओढण्या भिरभिरत खाली गल्लीतल्या धुळीत जाऊन पडल्या.

मी डोकं वर काढलं तेव्हा सेनाइदा गच्चीवर नव्हती. ती खाली गल्लीत धावत होती. विमान वळून परत येईल याची तिला शुद्ध नव्हती. एकेक कपडा धुळीतून उचलून झटकत, कपाळाला लावून, तान्ह्या पोराला घ्यावं तसा छातीशी धरत होती. धुणं उचलणारी बाई असं करत नाही. आमच्याकडे असं एकच माणूस करतं: ज्यानं आफ्रिकेतून आलेल्या आमच्या जुन्या देवांची दीक्षा घेतली आहे ते. दीक्षेनंतर वर्षभर अंगावर पांढरंच घालायचं. ते पांढरं इतरांच्या कपड्यांत मिसळायचं नाही आणि जमिनीला लागू द्यायचं नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना ते तत्क्षणी कळलं. 

एवेलियोलाही कळलं. पण देवधर्म म्हणजे मागासलेपण, असं दर बैठकीत सांगणारा हाच. तो कठड्याशी वाकून ओरडला, "सेनाइदा! टाक ते! दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नकोस!"

तिनं वर पाहिलं. मग कपडे एका हातात धरून दुसऱ्या हातानं निळ्या शर्टाच्या वरच्या गुंड्या सोडल्या. आत पांढरा झंपर होता आणि गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ.

"माझेच आहेत," ती म्हणाली. "मावशीला सोडा."

ओब्दुलिया कठड्यावरून कडाडली, "गधडे! मी गप्प होते ना? तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

एवेलियोचा चेहरा मी विसरणार नाही. संवाद विसरलेला नट मी पुष्कळदा पाहिलाय. हा संवाद विसरला नव्हता, त्याला नाटकच उमगत नव्हतं. बंदूकवाले त्याच्याकडे बघत होते, ओर्तेन्सिया त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आता नवा संशय होता: ज्याला घरातलं ठाऊक नाही तो गल्लीवर कसला पहारा ठेवतो? की ठाऊक होतं?

"चला, उतरा सगळे," एवढंच तो म्हणाला. ओब्दुलियाला कुणी हात लावला नाही.

ऊन कललं तेव्हा तो एकटा तिच्या दारात आला. मी तिथेच कॉफी घेत होतो. उठायला लागलो तर ओब्दुलियानं डोळ्यानं बसवलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"वसंतात ती हवानाला बहिणीकडे म्हणून गेली होती तेव्हापासून. तिच्या छातीत धडधडायचं, डॉक्टरांना काही सापडेना. आता रात्री झोपते."

"मला का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगणार होती? नवऱ्याला सांगितलं तर समितीलाही कळणार. घरात नवरा आणि समिती, तुम्ही दोघंही असायचात."

 दूरवर ताडांच्या पलीकडे रशियनांच्या गाड्यांची घरघर चालू होती. उद्या जग असेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. ओब्दुलियानं धुळीत पडलेले सगळे कपडे परत धुऊन, परसात वेगळ्या दोरीवर वाळवून घड्या घातल्या होत्या. तिनं तो गठ्ठा त्याच्यापुढे धरला.

"पिशवी आहे का?" एवेलियोनं विचारलं.

"आहे. पण देणार नाही."

 त्यानं टोपी काढून खिशात कोंबली, हात शर्टाला पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. दाराच्या चौकटीला धक्का लागू नये म्हणून तो तिरका होऊन बाहेर पडला. गल्लीत एकेक खिडकी उघडत गेली. आपल्या बायकोचे पांढरे कपडे ओंजळीसारख्या धरलेल्या हातांवर घेऊन एवेलियो भर रस्त्यातून, खाली मान न घालता, सावकाश घराकडे चालत गेला.