लंच टाइममध्ये आलेला फोन

फॉर्म टेबलावर कोरा पडला होता आणि तो भरायला आलेला माणूस ट्रेलरखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मी पॅड-पेन धरून ऑफिसच्या पायरीवर उभी. चपलांची मुलाखत कशी घ्यायची, ते माझ्या मॅनेजमेंटच्या डिप्लोमात नव्हतं.

भोपाळमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी तेव्हा नुकतीच ऑपरेशन्स इन्चार्ज झाले होते. पद मोठं, खुर्चीचा एक पाय तोकडा. पण माझा रुबाब असा, की जणू देशातले सगळे ट्रक मला विचारून वळतात.

कंपनीला पहिल्यांदाच एका कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर न्यायचं काम मिळालं होतं. असा माल लो-बेडवर जातो. लो-बेड म्हणजे जमिनीलगतचा बसका, लांबलचक ट्रेलर. तो सांभाळून नेणारे ड्रायव्हर गावात तीन-चारच. सोमवारी माल उचलायचा होता. आमच्याकडे ट्रेलर होता, ड्रायव्हर नव्हता. हे काम हुकलं असतं तर कारखान्याने पुन्हा आमचं नाव घेतलं नसतं.

ट्रेलरखाली होते ते भगवानदासजी. पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. भोपाळजवळच्या मंडीदीपची एक कंपनीही त्यांच्या मागे लागली होती. संध्याकाळपर्यंत ते दोघांपैकी एकाला हो म्हणणार होते.

अखेर ते बाहेर आले. मी लगेच पहिला प्रश्न टाकला, "पांच साल बाद आप खुद को कहाँ देखते हैं?"

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "स्टेअरिंग के पीछे, मैडमजी. और कहाँ देखूँ?"

मी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

मग त्यांनी प्रत्येक टायरवरून तळहात फिरवला. स्टेपनी, म्हणजे जादा चाक, ठोकून पाहिली. केबिनमध्ये चढून गादीचा वास घेतला. मी मागे मागे, पॅडसकट. शेवटी ते दाराजवळ थांबले. तिथे पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिक्कत हो तो चौबीस घंटे संपर्क करें’, आणि खाली मोबाईल नंबर. कल्पना माझी. अक्षरांचा रंगसुद्धा माझा.

"ये नंबर किसके पास रहता है?"

"मेरे पास!" मी ताठ झाले.

"हाँ, आवाज़ से लगा था." ते अगदी शांतपणे म्हणाले. "परसों दोपहर फोन किया था. बोला, गाड़ी रास्ते में खड़ी हो गई है. आपने कहा, लंच चल रहा है, कंप्लेंट लिखकर दीजिए."

मला आठवलं. दोन दिवसांपूर्वी असा फोन आला होता खरा. तो ठेवून मी मोबाईल स्वेटरमध्ये गुंडाळून ड्रॉवरमध्ये घातला होता, पुन्हा वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून.

"गाड़ी कहाँ खड़ी थी?" मी चाचरत विचारलं.

"गाड़ी थी ही नहीं. मैं सामने चाय पी रहा था. काँच में से आप दिख रही थीं. डब्बे में भरवाँ बैंगन था."

भरली वांगीच होती. घास तोंडात धरून मी एका ड्रायव्हरला अर्ज करायला सांगितलं होतं.

"टायर आपके ठीक हैं," ते म्हणाले. "पर सड़क पर टायर फोन नहीं उठाता." आणि ते निघाले.

आमचे मालक, जैनसाहेब, खिडकीतून सगळं ऐकत होते. "मैडम, आपने भगाया है, आप ही लाइए."

मी समोरच्या टपरीवर धावले. पॅड तेवढं टेबलावर ठेवून. भगवानदासजी चहा फुंकत होते. जे खरं होतं तेच बोलले. "गलती हुई. एक ट्रिप हमारी ट्रायल ले लीजिए. एक बार भी फोन न उठे, तो मंडीदीप चले जाइए."

त्यांनी अख्खा कप संपवला आणि मगच मान डोलावली. कंपनीने ड्रायव्हरची ट्रायल घेतलेली मी ऐकली होती. इथे उलटंच चाललं होतं.

सोमवारी ट्रेलर नागपूरकडे निघाला. पहिल्या दिवशी मला अकरा फोन आले. दर वेळी एकच वाक्य, "कुछ नहीं मैडमजी, देख रहा था."

दुसऱ्या दिवशी साकेत नगरला आमच्या घरी हळदीकुंकू. माझ्या एका हातात अत्तरदाणी, कमरेला मोबाईल खोचलेला. बारावा फोन आला. "बैतूल के पास हूँ. तार नीचा है, माल अटकेगा. पीछे पूरी लाइन लगी है."

अशा ट्रिपसाठी वाटेतल्या प्रत्येक वीज ऑफिसचे नंबर काढून ठेवतात. मीही काढले होते, टाइप करून, प्लॅस्टिकच्या कव्हरात, केवळ साहेबांना दाखवायला. ती फाइल आतल्या खोलीतून धावत जाऊन आणली. बैतूलच्या नंबरावर मला सांगण्यात आलं, "लंच चल रहा है."

त्या माणसाला मी काय काय बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मात्र अजून आठवण काढतात. अर्ध्या तासात लाइनमन पोचला, वीज बंद झाली, तार उचलली गेली. ट्रान्सफॉर्मर ओरखडा न उठता पोचला.

भगवानदासजी थकेपर्यंत आमच्याकडेच राहिले. फॉर्म कोराच होता. शेवटच्या दिवशी मी तो पुढे केला, "अब तो भर दीजिए." त्यांनी सगळे रकाने सोडले आणि ‘यह कंपनी क्यों चुनी?’ एवढ्यापुढेच लिहिलं, ‘फोन उठता है.’

आता माझ्या मुलीला नोकरीच्या दोन ऑफर आल्या आहेत. कुठली घेऊ, म्हणून ती मला विचारते. मी म्हटलं, दोन्हीकडे दुपारी दीड वाजता फोन लाव.