बुटाची लेस

धाकटी तिसऱ्या मजल्यावर का थांबली, हा प्रश्न काही केल्या आईच्या डोक्यातून जात नव्हता. सुट्टी संपवून पोरगी सकाळीच सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात परतली होती. पण परवा जिन्यात वाकून सँडलचा पट्टा नीट करणारी तिची पाठ आईच्या नजरेपुढून हलत नव्हती. पट्टा मुळी सुटलेलाच नव्हता.

थोरला असाच थांबायचा. त्याच मजल्यावर, बुटाची लेस बांधायला. घर पाचव्या मजल्यावर, बाप गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि त्यांच्याच इमारतीची लिफ्ट कैक वर्षं बंद. "बाबांच्या कृपेने मी सैन्यात टिकलो बघ," असं वर येऊन म्हणायचा आणि सगळ्यांना हसवायचा. लेस बांधण्याच्या निमित्ताने तो श्वास जागेवर आणायचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आई तर त्यालाच टोमणा मारायची, "एवढा अधिकारी झालास, लेस बांधायला नाही का रे शिकवलं तिकडे?"

"शिकवतात गं. पण त्याला आधी बढती मिळावी लागते."

गणवेशाच्या इस्त्रीला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. सुट्टीवर आला की शेजारच्या आजोबांचा सिलिंडर खांद्यावर टाकून वर आणायचा, आणि मग अर्धा तास त्यांच्याच खुर्चीत गप्पा मारत बसायचा. गप्पिष्ट आहे, असं सगळे म्हणायचे.

एका सकाळी पलटणीबरोबर धावताना तो लेस बांधायला खाली बसला आणि उठलाच नाही. साहेब येतील मागून, म्हणून जवान पुढे गेले.

पेटी आली, सलामी झाली. वरिष्ठ म्हणाले, "उमदा पोरगा. कधी तक्रार केली नाही." मग जो तो तेच म्हणू लागला. इमारतीच्या सेक्रेटरीने तर शोकसभेत त्याच्या छातीत शत्रूची गोळीही घातली. आई पहिल्या रांगेत बसून ऐकत राहिली. खरं काय ते लष्कराच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं : हृदयाचा स्नायू जाड झाला होता; भावंडांतही असू शकतं, मुलीला तपासून घ्या.

काल जेवताना आईने पुन्हा विषय काढला.

"एकदा तपासून घे ना."

"आणि काही निघालं तर? अधिकारी होऊन खांद्यावर तारे लागायची वेळ आली आणि मला घरी पाठवतील."

"मग ये घरी."

"दादा आला असता?"

"नाही आला. म्हणून भिंतीवर आहे."

धाकटी भरल्या ताटावरून उठली. आज निघताना पाया पडली, पण बोलली नाही.

दुपारी आईने त्या डॉक्टरांचा नंबर काढला. बाप हत्यारांची पिशवी आवरत होता. त्याचा हात थांबला.

"तिच्या केंद्रात कळवायला सांगणार आहेस? अगं, जन्मभर तोंड बघायची नाही ती आपलं."

"नाही बघितलं तर नाही," आई म्हणाली. "शिव्या द्यायला तरी राहील."

बापाने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. आईने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फोन हातात घेतला.