पहिल्या नंबरावरचं नाव

किर्रभाऊ तोंडाने कॅसेट वाजवायचे. गाण्यांची नव्हे, गेमची. आधी लांबलचक शिट्टी, मग तापल्या तव्यावर बेडूक बसल्यासारखी किर्रकिर्र. ही नक्कल मी अजून लग्नाकार्यात करतो. माझ्या वयाची मंडळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात आणि पोरंसोरं काकांना पाणी द्या म्हणून धावतात.

भाऊ मूळचे टाकवे बुद्रुकचे. लोणावळ्यात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड. कुणा बंगलेवाल्याने बिघडलेला होम कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. रबरी बटणांचा, पाटीपेक्षाही लहान. भाऊंनी तो जिवंत करून टीव्हीला जोडला. गेम टेपरेकॉर्डरवरून आत जायला पाच मिनिटं लागत. तेवढ्यात कुणी खोकलं की भाऊ डोळे वटारायचे. "गप ऱ्हा. आतली मानसं उलट्या पायाची निगतील." कॉलेजात जाणारे आम्ही दांडगे गडी श्वास रोखून बसायचो.

एक गेम त्यांनी स्वतः रचला होता. लोहगडाच्या पायऱ्या, वरून गडगडणारे धोंडे आणि चढणारा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण. त्यांची नऊ वर्षांची सुमी आम्हा सगळ्यांना लोळवायची आणि गुणांच्या यादीत पहिल्या नंबरावर नाव टाकून आमच्याकडे बघून जीभ काढायची. यादी मशीन चालू असेतोवरच टिकायची. बंद केलं की पुसली. "आज जिकलास तर आजच मिरव," हे भाऊंचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी सुमीला कावीळ झाली. एका दुपारी अंगावर गोधडी घेऊन ती शेवटची खेळली, नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला नेलं. परत आणलं ते खेळायला नव्हे.

तेराव्यानंतर भाऊंच्या ध्यानात आलं की गडबडीत मशीन कुणी बंदच केलेलं नाही. टीव्ही लावला तर नाव होतं. मग त्यांनी ते बंद होऊच दिलं नाही. गुरुवारी वीज जायची, म्हणून ट्रकची बॅटरी आणून जोडली. दुकानात धूळ साचली, लोकांचे टीव्ही तसेच पडून राहिले. रोज सकाळी भाऊ टीव्ही लावून बघायचे, "हाय," म्हणायचे आणि टीव्ही मालवायचे. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या खोलीत पाऊल टाकत नसत. आतूनच विचारायच्या, "हाय न्हवं?"

मशीन तापत चाललं होतं. किती दिवस टिकणार? तेव्हा मी पुढे झालो. मी म्हणजे गावातला एकमेव, ज्याने त्या मशीनचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं आणि तसं सांगतही फिरत होतो. म्हटलं, भाऊ, गेम मधेच थांबवायचा आणि यादीसकट टेपवर उतरवायचा. नाव कायमचं राहील. भाऊंनी दोन रात्री विचार केला आणि कोरी कॅसेट आणली.

मी गेम थांबवला. आता फक्त टेपवर घे म्हणायचं होतं. पण उतरवण्याआधी भाऊंना नाव एकदा दाखवावं असं मला वाटलं. पडदा उघडण्याचा थाट म्हणा. बोटांनी दोन वर्षांच्या सवयीने तेच बटण दाबलं, गेम सुरू करण्याचं. त्या मशीनवर एका बटणात अख्खा हुकूम उमटायचा. रन. आणि रन म्हटलं की मशीन आधीचं सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करतं. हे मी वाचलं होतं. पाठ होतं.

यादी आली. कोरी.

भाऊंनी मशीनवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग वायर काढली.

आतून मावशींनी विचारलं, "हाय न्हवं?"

"लाईट गेली गं," भाऊ म्हणाले. "बॅटरी बी उतरलीवती."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पुढे तो विषयही कधी काढला नाही. दुकान पुन्हा उघडलं. किर्रकिर्र मात्र त्यांनी परत केली नाही. ती आता मीच करतो.

गेल्या महिन्यात भाऊ गेले. दहाव्याला मी मावशींजवळ बसलो आणि इतक्या वर्षांचं सांगून टाकलं. लाईट गेली नव्हती, ते माझ्या हातून झालं.

मावशी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला. तवा माज्या डोक्यावर पंखा फिरत हुता," त्या म्हणाल्या. "म्या उठून बंद केला. म्हटलं, ह्यांचं खोटं उगडं पडाया नको."