बारवेच्या मापातले दहा

आधीच सांगते... चिखलीच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

माझे मिस्टर इतिहासाचे शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीसुद्धा. रविवार आला की ते जुनी देवळं, बारवा मोजायला निघायचे आणि मला सोबत न्यायचे. टेपचं टोक ते धरणार, आकडा मी वाचून वहीत लिहिणार. एकदा जीपच्या दारात सापडून टेपचं टोक तुटलं. पण नवा घ्यायचं नाव नाही! तेव्हापासून ते दहा सेंटीमीटरच्या खुणेवर धरायचे आणि ओरडायचे, "दहा!" म्हणजे मी आकड्यातून दहा वजा करायचे. कुरकुर केली तर वर मलाच — "काऊन? दहा वजा करायले जड जाते का तुले? गणिताची बाई नं तू?"

दिवाळीनंतर सर गेले. बसल्या जागी. मी रडले नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली... आत काही हलतच नव्हतं. दोन ताटं घ्यायची, एक परत ठेवायचं, जेवायचं.

मार्चमध्ये मोताळ्याकडच्या एका गावातून सरपंचबाईंचा फोन आला. तिथल्या बारवेचा नकाशा सरांनी जवळजवळ पुरा केला होता, पश्चिमेची भिंत तेवढी राहिली होती.

"बाई, सोमवारी थे भिंत उतरवून राह्यलो आम्ही. नकाशा भेटला तं दगड जाग्यावर बसतीन, नाही तं कुठले कुठं जातीन."

सरांची तीन वर्षांची मेहनत होती ती. शनिवारी नवा कोरा टेप घेतला आणि एसटीनं एकटीच गेले.

सकाळचे अकरा वाजलेले. बारवेत कुणी नाही, वर काठाला दोन शेळ्या. कोपऱ्यात टेपचं टोक दगडाखाली दाबलं, खाली उतरून पहिल्या कोनाड्यापाशी गेले, ताणला — सुटला. परत चढले, दाबलं, उतरले. परत सुटला. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि माझं डोकंच फिरलं. सवयीनं ओरडले, "अहो, धरा की नीट!"

टेप ताणला गेला.

मी वर पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगते, काही वाटलंच नाही. भिंतीतल्या सातही कोनाड्यांची अंतरं घेतली, वहीत लिहिली. टेप गुंडाळायला वर आले तेव्हा दगड टोकापासून हातभर लांब पडला होता. आत्ता सरकला असेल, म्हटलं, आणि बस पकडली.

घरी येऊन मापं नकाशावर टाकली तर शेवटचा कोनाडा भिंतीच्या बाहेर! रविवारी पुन्हा गेले. या वेळी टोक सरपंचबाईंनी धरलं, शून्यावर. सातही आकडे बरोबर दहानं कमी आले. एखादा आठनं, एखादा बारानं चुकला असता तर माझीच चूक म्हणून सोडून दिलं असतं. चूक इतकी शिस्तीत होत नाही.

"काय झालं बाई? पांढऱ्याफटक पडल्या तुम्ही."

"काही नाही हो," म्हटलं, "टेप नवा आहे."

नकाशा वेळेत दिला. भिंत उतरली, पुन्हा चढली, दगड जागच्या जागी बसले. तुम्ही भास म्हणाल, तर भास आकड्यांत येतो का, एवढं सांगा.

त्या रविवारी घरी आल्यावर शनिवारच्या सात आकड्यांपुढे नेहमीसारखं 'वजा १०' लिहीत गेले. सातव्यापाशी, चार महिन्यांत पहिल्यांदा, मला त्यांचा राग आला. इतका आला की हुंदकाच फुटला, आणि मग थांबेना.

अहो, नवा टेप आणला होता मी. एवढं तरी बघायचं!